मोहोरबंद निवडणूक अभिलेख न्यायालयापुढे कसे आणावेत

ग्रामपंचायतीच्या एका प्रभागात पाचसहाशे मतदान होते आणि निकाल कधी चार मतांनी, तर कधी एकाच मताने लागतो. पराभूत उमेदवाराच्या मनात मतमोजणीच्या टेबलावरच शंकेची पाल चुकचुकलेली असते आणि तो वकिलाकडे येतो तो बहुधा एकच मागणी घेऊन : पाकिटे उघडा, यंत्र पुन्हा मोजा. एवढ्याच मागणीवर याचिका उभी केली तर न्यायालय ती मान्य करत नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने तो नकार योग्यच असतो. मात्र तीच तक्रार योग्य कागदांच्या आधारे, योग्य मुदतीत आणि नेमक्या शब्दांत मांडली, तर मोहोरबंद पाकीट उघडण्याचा अधिकार न्यायालयाला निश्चितपणे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील उमेदवार, मतदार आणि या कामात नवख्या असलेल्या वकिलांना तो मार्ग टप्प्याटप्प्याने समजावा, यासाठी हे लेखन आहे.

सर्व टप्प्यांच्या मुळाशी एकच सूत्र आहे. जे कागद तुम्हाला न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळू शकतात, त्यांच्यातूनच विसंगती शोधावी लागते आणि त्या विसंगतीच्या बळावर बंद कागद मागावा लागतो. बंद पाकिटात काय आहे ते पाहू आणि मग तक्रार ठरवू, असा उलटा क्रम न्यायालयात टिकत नाही.

गुप्तता कोणाची

मतदानाची गुप्तता हे मतदाराचे संरक्षण आहे. कोणी कोणाला मत दिले हे गावात उघड होऊ नये, त्यावरून कोणाच्या शेताचे पाणी किंवा घरकुलाचा अर्ज अडू नये, यासाठी ते आहे. निवडणूक कार्यालयाच्या चुका झाकण्यासाठी ते दिलेले नाही. रघबीर सिंग गिल विरुद्ध गुरचरण सिंग तोहरा या १९८० सालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मतदाराला आपले मत उघड करण्यास भाग पाडता येत नाही, परंतु हा त्याचा विशेषाधिकार असल्यामुळे तो स्वेच्छेने सोडू शकतो; तसेच गुप्तता आणि निवडणुकीची शुद्धता यांच्यात संघर्ष उभा राहिला तर शुद्धतेचे पारडे जड ठरते. तो वाद राज्यसभेच्या निवडणुकीचा होता, तरी त्यातील तत्त्व स्थानिक निवडणुकीच्या युक्तिवादातही उपयोगी पडते.

म्हणून अर्ज लिहिताना पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा : मी जो कागद मागतो आहे, त्यातून एखाद्या मतदाराचे मत उघड होते का? केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीतून ते उघड होत नाही. नोंदवलेल्या मतांच्या हिशेबातूनही होत नाही. वापरलेली मतपत्रिका आणि तिचे प्रतिपर्ण (मतपत्रिका फाडून दिल्यावर मागे राहणारा क्रमांकाचा भाग) एकत्र ठेवले तर मात्र ते थेट उघड होते. मागणी जितकी या दुसऱ्या टोकाकडे झुकते, तितका भक्कम आधार न्यायालय मागते. विरोधी पक्षाचे वकील सर्वच कागदांना सरसकट गोपनीय म्हणतील; त्यांना उत्तर देताना प्रत्येक कागदाचा असा वेगळा विचार करून दाखवणे फार परिणामकारक ठरते.

लोकसभा आणि विधानसभेसाठी असलेल्या १९६१ च्या निवडणूक नियमांतील नियम ९३ नुसार वापरलेल्या मतपत्रिका, त्यांची प्रतिपर्णे आणि मतदारांची नोंदवही यांची पाकिटे सक्षम न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडता येत नाहीत. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका संविधानाच्या अनुच्छेद २४३-के आणि २४३-झेडए नुसार राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली होतात. त्यांचे अधिनियम आणि नियम वेगळे आहेत, मात्र मोहोरबंद पाकिटांबाबतचे तत्त्व तेच आहे. नियम ९३ मध्ये डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या बदलाची, म्हणजे सीसीटीव्हीसारखे इलेक्ट्रॉनिक अभिलेख सार्वजनिक तपासणीतून वगळण्याची, बरीच चर्चा झाली. तो बदल लोकसभा-विधानसभेच्या नियमांतील आहे. ग्रामपंचायतीच्या याचिकेला उत्तर देताना कोणी त्याचा आधार घेतला, तर तुमच्या निवडणुकीला लागू असलेला नियम कोणता, हे आधी दाखवण्याचा आग्रह धरावा.

कोणत्या न्यायालयात आणि किती दिवसांत

अनुच्छेद २४३-ओ आणि २४३-झेडजी मुळे स्थानिक निवडणुकीला निवडणूक याचिकेखेरीज अन्य मार्गाने आव्हान देता येत नाही. साधा दिवाणी दावा लावून पाकिटे मागवण्याचा प्रयत्न म्हणूनच फोल ठरतो.

ग्रामपंचायतीसाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १५ लागू होते. निकाल जाहीर झाल्याच्या दिनांकापासून १५ दिवसांच्या आत, त्या क्षेत्रावर अधिकारिता असलेल्या कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे, आणि तसे न्यायालय नसल्यास वरिष्ठ स्तराकडे, अर्ज करावा लागतो. निवडणूक लढवलेला उमेदवार तर हा अर्ज करू शकतोच, पण त्या निवडणुकीत मतदानाचा हक्क असलेला कोणीही मतदारही तो करू शकतो. भुदरगड तालुक्यातील गावाचा वाद सहसा गारगोटीच्या न्यायालयात जाईल, कागल तालुक्यातील कागलला. परंतु एखाद्या गावाची अधिकारिता नेमकी कोणत्या न्यायालयाकडे आहे, हे याचिका छापण्यापूर्वी तेथील लिपिक वर्गाकडून खात्री करून घ्यावे. चुकीच्या न्यायालयात गेलेले चार दिवस पुन्हा मिळत नाहीत.

जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाचे कलम २७ आहे. मुदत १५ दिवसांची आणि अर्ज जिल्हा न्यायाधीशांकडे, म्हणजे कसबा बावड्यातील न्यायसंकुलात. कागल, गडहिंग्लज, जयसिंगपूर यांसारख्या नगरपरिषदांसाठी १९६५ च्या अधिनियमाच्या कलम २१ खाली याचिका जिल्हा न्यायालयातच होते, पण मुदत फक्त १० दिवसांची आहे आणि ती नगरसेवकांची नावे राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून मोजली जाते. कोल्हापूर आणि इचलकरंजी महानगरपालिकांसाठी महानगरपालिका अधिनियमाचे कलम १६ असून तेथे निकाल जाहीर झाल्यापासून १० दिवस मिळतात. साखर कारखाना, दूध संघ किंवा सेवा सोसायटीच्या निवडणुकीचा वाद या मार्गाने जात नाही; त्याला सहकार कायद्याची स्वतंत्र वाट आहे.

विलंब माफ होईल या भरवशावर कोणीही राहू नये. निवडणूक याचिकेची मुदत न्यायालये अत्यंत काटेकोरपणे पाळतात.

पहिल्या आठवड्यात खुले कागद जमवावेत

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून उत्तराची वाट पाहणे ही येथे सर्वांत सहज होणारी आणि सर्वांत महाग पडणारी गोष्ट आहे. त्या कायद्यात उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे आणि तुमची याचिका १० किंवा १५ दिवसांत दाखल व्हायची आहे. माहिती अधिकाराचा अर्ज अवश्य द्यावा, पण त्याच्या उत्तरावर याचिका विसंबून ठेवू नये. त्याऐवजी सार्वजनिक दस्तऐवजांच्या प्रमाणित प्रतीसाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ चा उल्लेख करून तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत लेखी अर्ज द्यावा, आवक क्रमांक घ्यावा आणि पोच जपून ठेवावी. प्रत वेळेत मिळाली नाही तरी ती तुम्ही मागितली होती, याचा हा पुरावा पुढे उपयोगी पडतो.

मिळवायचे कागद असे आहेत : प्रभागाची अंतिम मतदार यादी, उमेदवारांची अंतिम यादी, केंद्रनिहाय आणि फेरीनिहाय मतमोजणीचे तक्ते, निकालाचे घोषणापत्रक, तुम्ही मतमोजणीच्या वेळी फेरमोजणीचा लेखी अर्ज दिला असेल तर त्यावरील निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचा आदेश. या सर्वांहून मोलाचा कागद मात्र कार्यालयात मिळत नाही. तो तुमच्याच मतदान प्रतिनिधीच्या खिशात असतो. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नोंदवलेल्या मतांचा हिशेब तयार करतात आणि त्याची प्रत प्रतिनिधींना मिळते. त्यात यंत्राचे क्रमांक, मोहोरांचे क्रमांक आणि एकूण किती मतदारांनी मतदान केले, हे असते. निकालाच्या रात्रीच सर्व केंद्रांवरच्या प्रतिनिधींकडून हे कागद गोळा करावेत. पुढे ते कुठे पडतात याचा पत्ता लागत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

हे कागद हाती आले की आकडेमोड करावी. आपल्याकडे बहुसदस्यीय प्रभाग असल्यामुळे एक मतदार प्रत्येक जागेसाठी एक मत देतो, म्हणून जागानिहाय बेरीज स्वतंत्रपणे तपासावी लागते. समजा, एका केंद्राच्या हिशेबात ६१४ मतदारांनी मतदान केल्याची नोंद आहे आणि मतमोजणीच्या तक्त्यात ‘अ’ जागेच्या सर्व उमेदवारांची मते व ‘नोटा’ मिळून ६२१ भरतात. मतदार ६१४ असताना एका जागेला ६२१ मते पडू शकत नाहीत. जादा दिसणारी ही ७ मते आणि विजयाचे मताधिक्य ४, एवढे दोन आकडे शेजारी ठेवले की याचिकेचा पाया तयार होतो. बेरीज मतदारसंख्येपेक्षा कमी भरत असेल तर मात्र लगेच हुरळून जाऊ नये. त्याला निर्दोष कारण असू शकते. बेरीज जास्त भरणे ही बाब वेगळ्याच वजनाची आहे.

अशाच प्रकारची तफावत उत्तर प्रदेशातील प्रयागराज जिल्ह्यातल्या एका ग्रामप्रधानाच्या निवडणुकीत होती. मतदानानंतर तोंडी सांगितलेला आकडा १,१९४ आणि मतमोजणीच्या नमुन्यात १,२१३, म्हणजे १९ मतांचा फरक. मताधिक्य ३७ चे होते आणि केंद्राध्यक्षांच्या दैनंदिन्या सापडत नव्हत्या. तफावत मताधिक्यापेक्षा कमी असूनही, महत्त्वाचे अभिलेखच उपलब्ध नसल्याची बाब लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये फेरमोजणीचा आदेश कायम केला. गहाळ कागद हीसुद्धा एक वस्तुस्थिती असते आणि ती याचिकेत मांडता येते.

याचिकेत काय लिहावे

राम सेवक यादव विरुद्ध हुसेन कामिल किडवई या १९६४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दोन अटी घातल्या आणि त्या आजही प्रत्येक न्यायाधीशाच्या मनात असतात. पहिली, याचिकेत महत्त्वाच्या वस्तुस्थितीचे पुरेसे कथन असले पाहिजे. दुसरी, वाद निकाली काढण्यासाठी आणि पक्षकारांना पूर्ण न्याय देण्यासाठी मतपत्रिकांची तपासणी आवश्यक आहे, असे न्यायालयाचे प्रथमदर्शनी समाधान झाले पाहिजे. काही सापडते का, हे चाचपण्यासाठी तपासणी मिळत नाही.

यावरून याचिकेची भाषा ठरते. ‘मतमोजणीत मोठा गोंधळ झाला, अधिकारी विरोधी पॅनेलला सामील होते, आमची बरीच मते बाद केली’ हे कथन कितीही खरे असले तरी निरुपयोगी आहे. त्याऐवजी केंद्र क्रमांक, यंत्राचा क्रमांक, फेरी, टेबल, वेळ, त्या टेबलावरील आपल्या मतमोजणी प्रतिनिधीचे नाव, त्याने घेतलेली हरकत, हिशेबातील आकडा, तक्त्यातील आकडा आणि या फरकाचा निकालावर होणारा परिणाम, असे प्रत्येक मुद्द्यासाठी सलग लिहावे. फेरमोजणीचा लेखी अर्ज त्याच दिवशी दिला नसेल तर तोही मुद्दा लपवू नये. अर्ज न देण्याचे कारण, उदाहरणार्थ निकाल घाईने जाहीर होणे, वस्तुस्थितीसह सांगावे. असा अर्ज नसल्याने याचिका आपोआप बाद होत नाही, परंतु न्यायालय त्याची दखल घेते.

मुदत संपल्यानंतर नवीन वस्तुस्थिती घालण्याची दुरुस्ती क्वचितच मिळते. म्हणून जो अभिलेख पुढे मागायचा आहे, त्याचे बीज मूळ याचिकेत असलेच पाहिजे. ज्यांची निवड धोक्यात येऊ शकते त्या सर्वांना प्रतिवादी करावे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना पक्षकार करावे की नाही यावर वाद होतो; साक्षीदार म्हणून त्यांना समन्स काढून घेण्यात मात्र कोणतीही अडचण नसते आणि आपल्याला हवे असलेले कागद त्या समन्सनेच येतात.

ग्रामपंचायतीच्या याचिकेत कलम १५(५) कडे विशेष लक्ष द्यावे. उमेदवारांमध्ये वैधतेचा वाद असेल तेव्हा न्यायाधीशांनी मतांची छाननी आणि मोजणी करून सर्वाधिक वैध मते मिळालेल्या उमेदवाराला निवडून आल्याचे घोषित करावे, अशी तरतूद तेथे आहे. त्या ‘छाननी’ शब्दामुळे फेरमोजणी हा आपला हक्कच आहे, असा युक्तिवाद अनेकदा होतो. माझ्या मते त्यावर एकट्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे; १९६४ च्या दोन्ही अटी पूर्ण करूनच त्या कलमाचा आधार घ्यावा.

अभिलेख जतन करण्याचा अर्ज त्याच दिवशी

याचिकेसोबत, त्याच दिवशी, एक स्वतंत्र अंतरिम अर्ज द्यावा. त्यात पाकिटे उघडण्याची मागणी करू नये. केवळ एवढे मागावे की संबंधित केंद्रांची नियंत्रण यंत्रे (मतदान यंत्राचा मते साठवणारा भाग), त्यांना स्वतंत्र स्मृतिखंड (मेमरी) जोडलेला असल्यास तोही, मोहोरबंद पाकिटे, केंद्राध्यक्षांच्या दैनंदिन्या आणि मतमोजणी कक्षाचे चित्रीकरण पुढील आदेशापर्यंत आहे त्या स्थितीत सुरक्षित ठेवावे, यंत्रातील माहिती पुसू नये आणि ती यंत्रे दुसऱ्या निवडणुकीला वापरू नयेत. या मागणीला सहसा तीव्र विरोध होत नाही, कारण तिने कोणाची गुप्तता भंगत नाही. मात्र ती राहून गेली तर सर्व मेहनत पाण्यात जाऊ शकते : याचिकेची मुदत संपल्यावर यंत्रे पुढच्या निवडणुकीसाठी मोकळी केली जाऊ शकतात आणि चित्रीकरण तर त्याहून लवकर नाहीसे होते.

आदेश मिळाल्यावर त्याची प्रमाणित प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकारी कार्यालय या दोन्ही ठिकाणी हातबटवड्याने, म्हणजे स्वतः नेऊन, द्यावी व पोच घेऊन ती न्यायालयात दाखल करावी. आदेश टपालाने जाण्याची वाट पाहू नये.

स्थानिक निवडणुकांत आपल्याकडे व्हीव्हीपॅट (दिलेल्या मताची चिठ्ठी छापणारे यंत्र) वापरले जात नाही, त्यामुळे पडताळणीसाठी कागदी चिठ्ठ्या उपलब्ध नसतात. नियंत्रण यंत्रातील निकाल पुन्हा पाहणे आणि तो कागदी हिशेबाशी ताडणे, एवढाच मार्ग उरतो. जतनाचा अर्ज म्हणूनच अधिक निकडीचा ठरतो.

अभिलेख मागवणे आणि अभिलेख उघडणे

या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्या एकाच अर्जात मिसळल्याने पुष्कळ अर्ज नामंजूर होतात.

पहिली पायरी, अभिलेख न्यायालयात आणणे. कलम १५(२) नुसार चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांना दिवाणी न्यायालयाचे सर्व अधिकार असतात. त्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ खाली तहसीलदारांना किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना दस्तऐवज हजर करण्याचे समन्स काढता येते. कागद गोपनीय आहे म्हणून आणणारच नाही, असे अधिकाऱ्याला म्हणता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १६५ नुसार समन्स मिळालेल्या साक्षीदाराने, हजर करण्याबाबत कोणतीही हरकत असली तरी, दस्तऐवज न्यायालयात आणावाच लागतो. हरकत योग्य की अयोग्य हे न्यायालय ठरवते. कार्यालयाकडून ‘सदर अभिलेख गोपनीय असल्याने देता येत नाही’ असे एका ओळीचे पत्र आले, तर याच कलमाकडे बोट दाखवावे. पाकीट मोहोरबंद स्थितीत न्यायालयाच्या ताब्यात येण्याने काहीही उघड होत नाही.

दुसरी पायरी, उघडणे. यासाठीचा अर्ज शक्यतो तोंडी पुराव्यानंतर द्यावा. तुमची, मतदान प्रतिनिधीची आणि मतमोजणी प्रतिनिधीची साक्ष व उलटतपासणी झाली, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना दोन्ही आकड्यांबद्दल प्रश्न विचारून झाले आणि तरी तफावतीचा खुलासा मिळाला नाही, की आवश्यकतेची अट पूर्ण होते. साक्षीपूर्वीच घाई केली तर ‘प्रथमदर्शनी समाधान’ कशावर करायचे, हा प्रश्न न्यायाधीशांपुढे उभा राहतो आणि मिळालेला आदेशसुद्धा वरच्या न्यायालयात टिकेल याची खात्री राहत नाही.

मागणी अरुंद ठेवावी. वरील उदाहरणात विनंती साधारण अशी असेल : ‘प्रभागातील केंद्र क्रमांक २ च्या नियंत्रण यंत्रातील “अ” जागेचा निकाल न्यायालयासमक्ष पाहून नोंदवण्यात यावा, त्या केंद्राच्या मतदार नोंदवहीतील केवळ अखेरचा अनुक्रमांक पाहण्यात यावा, मतदारांची नावे, सह्या किंवा अंगठे पक्षकारांना दाखवू नयेत.’ शेवटचे वाक्य तुम्ही स्वतःहून लिहिले की गुप्ततेचा आक्षेप बराचसा निष्प्रभ होतो. सगळ्या केंद्रांची सगळी पाकिटे मागणारा अर्ज न्यायाधीशांना संशयास्पद वाटतो, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे.

फेरमोजणीत आपण जिंकलो की आदेश आपोआप योग्य ठरेल, असा समज असतो. तमिळनाडूतील एका पंचायत अध्यक्षाच्या निवडणुकीबाबत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला : फेरमोजणीचा आदेश ज्या दिवशी दिला, त्या दिवशीच्या पुराव्यावर तो समर्थनीय असला पाहिजे, फेरमोजणीतून निघालेल्या आकड्यांनी त्याचे मागाहून समर्थन होत नाही. पायाच कच्चा असेल तर जिंकलेली फेरमोजणीही हातची जाते.

बनावट मतदानाची तक्रार असेल तर

हा प्रकार स्वतंत्रपणे समजून घेतला पाहिजे. मतपत्रिकेच्या काळात प्रतिपर्णावरून विशिष्ट मत शोधून ते बेरजेतून वजा करता येत असे. यंत्रात पडलेले बनावट मत कोणाला गेले ते अशा रीतीने शोधून बाजूला काढता येत नाही. म्हणून येथे मागणीचा रोख यंत्राकडे नसून मतदार यादीची चिन्हांकित प्रत (मतदान केलेल्यांच्या नावापुढे खूण केलेली), मतदारांची नोंदवही आणि प्रदत्त मतपत्रिका (त्यांचा खुलासा पुढे आहे) यांच्याकडे असावा.

आधी बाहेरचा पुरावा पूर्ण करावा. मृत मतदार असेल तर ग्रामपंचायतीच्या नोंदीतील मृत्यूचा दाखला, सैन्यात असलेला मतदार असेल तर त्या दिवशी तो युनिटमध्ये हजर होता याचे पत्र, परदेशी असेल तर पारपत्रावरील नोंद. सीमेवर असलेल्या जवानाच्या नावावर गावात मतदान झाल्याची तक्रार आपल्या जिल्ह्यात कोणालाही सहज समजेल अशी आहे, पण समजणे आणि सिद्ध होणे यांत या पत्राचे अंतर असते. अशा मतदारांची यादी अनुक्रमांकासह याचिकेला जोडावी आणि न्यायालयाकडे फक्त त्या अनुक्रमांकांपुढची खूण व नोंद पाहण्याची परवानगी मागावी. त्यांच्या नावावर मतदान झाल्याचे दिसले आणि त्यांची संख्या मताधिक्याइतकी किंवा त्याहून अधिक भरली, तर निकालावर परिणाम झाल्याचा युक्तिवाद उभा राहतो. संख्या मताधिक्यापेक्षा कमी भरत असेल तर हा मुद्दा एकट्याने निवडणूक रद्द करायला पुरत नाही, हे पक्षकाराला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.

जो मतदार स्वतः केंद्रावर गेला आणि आपल्या नावावर आधीच मतदान झाल्याचे त्याला सांगितले गेले, त्याने दिलेले मत प्रदत्त मतपत्रिकेवर वेगळ्या पाकिटात असते. अशा मतदाराला साक्षीला आणावे, पण त्याला ‘मत कोणाला दिले’ हे विचारू नये. ते सांगायचे की नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे आहे.

पाकीट उघडण्याचा दिवस

अर्ज मंजूर झाला की तारीख, वेळ आणि उपस्थित राहणाऱ्यांची मर्यादा आदेशातच लिहून घ्यावी. प्रत्येक बाजूने एक वकील आणि एक पक्षकार पुरे. गावातून दोन जीप भरून माणसे आणू नयेत.

उघडण्यापूर्वी पाकीट किंवा यंत्राची पेटी सर्व बाजूंनी पाहावी. लाखेची मोहोर अखंड आहे का, तिच्यावरील ठसा वाचता येतो का, कागदी मोहोरेचा क्रमांक हिशेबाच्या प्रतीतील क्रमांकाशी जुळतो का आणि तिच्यावर तुमच्या प्रतिनिधीची सही आहे का, हे एकेक करून पाहून पंचनाम्यात शब्दशः लिहून घ्यावे. मोहोर तुटलेली असेल तर त्याच क्षणी, उघडण्याआधी, हरकत नोंदवावी. आतील आकडा पाहून नंतर घेतलेल्या हरकतीला किंमत राहत नाही. नियंत्रण यंत्राचा क्रमांक मोठ्याने वाचून घ्यावा. निकालाचे बटण दाबल्यावर दिसणारा प्रत्येक उमेदवाराचा आकडा न्यायालयाच्या लिपिकाने आणि दोन्ही पक्षांनी स्वतंत्रपणे लिहावा, नंतर ताडून सह्या कराव्यात. भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढू नये. चित्रीकरण हवे असेल तर न्यायालयामार्फतच करून घ्यावे.

हरियाणातील पानिपत जिल्ह्याच्या बुआना लाखू या गावच्या सरपंचपदाचा वाद येथे आठवावा. तेथे नोव्हेंबर २०२२ मध्ये निवडणूक झाली. निवडणूक न्यायाधिकरणाने एप्रिल २०२५ मध्ये केंद्र क्रमांक ६९ ची फेरमोजणी सांगितली, उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने यंत्रेच दिल्लीत मागवून ६५ ते ७० या सर्व केंद्रांची मोजणी आपल्या अधिकाऱ्याकडून, पक्षकारांसमक्ष आणि चित्रीकरणासह करून घेतली. एकूण ३,७६७ मतांपैकी पराभूत घोषित झालेल्या उमेदवाराला १,०५१ आणि विजयी घोषित झालेल्याला १,००० मते निघाली. ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल फिरला. पावणेतीन वर्षांनंतरही ही मोजणी होऊ शकली, कारण यंत्रातील माहिती शाबूत होती. मी तरुण वकिलांना या प्रकरणातून जतनाच्या अर्जाचे महत्त्व दाखवतो. सर्वोच्च न्यायालय आपलेही यंत्र मागवून मोजेल, असा अर्थ त्यातून कोणी घेऊ नये.

आदेश विरुद्ध गेला तर

ग्रामपंचायतीच्या याचिकेतील न्यायाधीशांचा निर्णय कायद्याने अंतिम मानला आहे. त्यामुळे नेहमीचे अपील नसते आणि उच्च न्यायालयात अनुच्छेद २२७ खाली रिट याचिका करावी लागते. अभिलेख उघडण्यास नकार देणाऱ्या किंवा परवानगी देणाऱ्या मधल्या आदेशालाही हीच वाट आहे. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागत असे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तेथे चालतात. पाकीट उद्या उघडायचे आहे आणि आज स्थगिती हवी आहे, अशा प्रसंगी या अंतराचा फरक किती मोठा आहे, हे पूर्वी रात्रीच्या गाडीने फाइल घेऊन मुंबईला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तालुका आणि जिल्हा न्यायालयातील कामकाज मराठीत करता येते, उच्च न्यायालयात मात्र इंग्रजी लागते. म्हणून याचिका, मतांचा हिशेब, फेरीनिहाय तक्ते, साक्षी आणि आक्षेपित आदेश यांची भाषांतरे आदेशाच्या तारखेची वाट न पाहता आधीपासून करून ठेवावीत. आदेश विरोधात जाण्याची शक्यता दिसत असेल, तर पाकीट उघडण्यास किंवा अभिलेख कार्यालयास परत पाठवण्यास काही दिवसांची स्थगिती त्याच न्यायालयाकडे, आदेश वाचून झाल्याबरोबर, लेखी अर्जाने मागावी. पाकीट उघडले गेले असल्यास पंचनाम्याच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज त्याच दिवशी द्यावा, आणि अभिलेख पुन्हा मोहोरबंद होऊन न्यायालयाच्या ताब्यात राहिले की तहसीलकडे परत गेले, याची नोंद रोजनाम्यात (न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत) झाल्याचे स्वतः वाचून खात्री करावी.